दाखवासाहेब आणि सातवा दावा

पहिल्या दिवशी दाखवासाहेबांनी माझं नेमणुकीचं पत्र खिडकीच्या उजेडाकडे धरलं, मग उलटं केलं, मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "हे तुम्हीच का?"

"हो."

"दाखवा."

मी म्हणजे मीच, हे कसं दाखवायचं ते मला बदलापूरच्या शाळेत किंवा उल्हासनगरच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी कॉलेजचं ओळखपत्र काढलं. त्यावरच्या फोटोत मला मिशी नव्हती. साहेबांनी फोटो पाहिला, मिशी पाहिली, आणि हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं. आठवड्याभरात मी मिशी काढून टाकली. प्रश्नचिन्ह राहिलं.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. काहीही सांगायला जा, साहेब चष्म्याच्या वरून बघणार आणि म्हणणार, "दाखवा." "साहेब, पाणी गेलं." "दाखवा." मग त्यांना नळापर्यंत न्यायचं, नळ फिरवायचा, आणि त्यातून फुस्स आवाज आला की ते मान डोलावणार. पाणी नाही याचं त्यांना समाधान असे. त्यांच्या थर्मासच्या झाकणावर रोज सकाळी कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि पट्टीवर त्यांचीच सही. चहा पिण्याआधी ते ती सही तपासत. एकदा मी धिटाई करून म्हणालो, "साहेब, ही तर तुमचीच सही आहे." "तसं दिसतंय खरं," ते म्हणाले.

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. अंबरनाथच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, मोरिवली गावाला खेटून आमची लहानशी कंपनी होती. आम्ही एन्झाइम बनवायचो. शेठ उल्हासनगर कॅम्प तीनचे. त्यांच्या नात्यागोत्यातल्या निम्म्या लोकांचे जीन्स शिवायचे नाहीतर धुवायचे कारखाने. नवी कोरी जीन्स विटकी दिसावी, हाताला मऊ लागावी म्हणून ती दगडांबरोबर मोठ्या ड्रममध्ये घुसळत. दगड पँटी फाडायचे आणि ड्रमही. शेठना कुठून तरी कळलं की परदेशात हेच काम दगडाऐवजी एन्झाइमवर होतं.

"माणूस नवीन पँट घेणार आणि जुनी दिसली तर खूश होणार," शेठ म्हणायचे, "अशा दुनियेत धंदा नाय करायचा तर कुठे करायचा, साईं?"

ते एन्झाइम शोधलं मित्राताईंनी. पूर्ण नाव संघमित्रा. अंबरनाथच्याच एका कारखान्यातल्या फिटरची मुलगी. त्यांच्या वस्तीत पहिली एम.एस्सी. झालेली, आणि त्याबद्दल कधी न बोलणारी. कुजलेल्या भाताच्या पेंढ्यातून त्यांनी एक जिवाणू वेगळा काढला, त्या जिवाणूतलं एन्झाइम तयार करणारं जनुक वेगळं काढलं, आणि मग त्या जनुकातली अक्षरं एकेक करून वाचली. अक्षरं चारच: ए, टी, जी, सी. पण दीड हजारांच्या वर, आणि एकाही अक्षराची जागा चुकून चालत नाही. एक्स-रेसारख्या काळ्या फिल्मवर बारीक पट्ट्या उमटत आणि ताई भिंगातून त्या वाचत. तीन वर्षं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. त्यांना एकच पाहिजे होतं. पेटंट व्हावं आणि त्यावर शोध लावणारी म्हणून त्यांचं नाव यावं. कारण त्याआधीच्या नोकरीत त्यांच्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही परीक्षानळ्या धुता धुता.

आता, तो पेंढा आमच्या बदलापूर गावातल्या घरामागचा होता. मीच पोत्यात भरून आणला होता. त्यामुळे शोध लावणाऱ्यांत माझंही नाव यावं असं मला वाटत असे. तसं मी साहेबांना सुचवलंही.

"पेंढा तुमच्या आजोबांचा," साहेब म्हणाले, "जनुक जिवाणूचं, शोध बाईंचा. तुमचं काय?"

"टायपिंग, साहेब."

"दाखवा."

मी दाखवलं. पहिल्या पानावर त्यांनी अकरा चुका काढल्या.

साहेब पेटंटच्याच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासलेले, म्हणजे आयुष्यभर लोकांवर संशय घेण्याचा पगार घेतलेला. आता आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे येत. आपल्या देशात तेव्हा जनुकाला पेटंट मिळत नसे, म्हणून अर्ज अमेरिकेत करायचा होता. मसुदा इथे बनवायचा, तिथल्या वकिलाकडे पाठवायचा.

अशा अर्जाचे दोन भाग. आधी वर्णन: आम्ही काय शोधलं, ते कसं आहे. शेवटी क्रमांक घालून दावे: एवढं एवढं आमचं, इतरांनी हात लावायचा नाही. साहेबांचा धर्म एका वाक्याचा होता. वर्णनात नाही ते दाव्यात मागायचं नाही. आणि जनुकाचं वर्णन म्हणजे ते काय काम करतं हे नव्हे. ते कसं आहे, त्यातली अक्षरं कुठल्या क्रमाने लागली आहेत, हे. मी पहिल्या मसुद्यात झोकात लिहिलं होतं, "जीन्सचे कापड मऊ करणारे जनुक."

"हे वर्णन नाही, ही इच्छा आहे," साहेब म्हणाले. "'ताप उतरवणारं औषध' असं लिहून दिलंत तर औषध तुमचं होतं का? तुमचा तो फक्त ताप."

हा धर्म ते कचेरीबाहेरही पाळत. बदलापूरच्या बाजारात जांभळांच्या दिवसांत त्यांच्याबरोबर जायची चूक मी एकदा केली. जांभळं विकणाऱ्या आजीने पाटीतलं एक चाखायला दिलं.

"हे गोड आहे," साहेब म्हणाले. "बाकीची?"

"सगली त्याच झाराची हान, बाबा."

"ते तुमचं म्हणणं झालं." असं म्हणून त्यांनी पाटीच्या चार कोपऱ्यांतली चार उचलली.

"आरं, सगली चाखलंस तं मी ईकू काय?" आजी माझ्याकडे वळली. "तुजा बाप हाय का रं ह्यो?"

मी नाही म्हणालो. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता याचाही कागद मागतात की काय असं वाटलं. त्यांची जीभ पुढे दोन दिवस जांभळी होती.

माझ्या लग्नासाठी आईने बनवून घेतलेली माहितीही एकदा त्यांच्या हाती पडली. 'स्वभाव: मनमिळाऊ' या ओळीवर पेन्सिल थांबली. "किती जणांशी जमतं? नावं द्या." मी विचार करून तीन दिली. त्यांनी 'मनमिळाऊ' खोडलं आणि लिहिलं, 'तीन व्यक्तींशी जमते.' ती प्रत आईने तशीच एका स्थळाकडे पाठवली. पुढचं विचारू नका.

पण त्या जनुकाची अक्षरं अर्जाला जोडायची वेळ आली तेव्हा साहेबांनी जे केलं, ते मी विसरणार नाही. त्यांनी मला आणि मित्राताईंना समोरासमोर बसवलं. ताईंच्या हातात त्यांची वही, माझ्या हातात टाइप केलेली पानं. ताईंनी वाचायचं, मी टिंब करायचं. दीड हजार अक्षरं. संपल्यावर मी खुर्चीतून उठलो.

"आता शेवटाकडून," साहेब म्हणाले.

"म्हणजे उलटं?"

"सरळ वाचताना माणूस पुढचं गृहीत धरतो. उलटं वाचताना त्याला प्रत्येक अक्षर बघावं लागतं."

मग दोन दिवस आमच्या खोलीतून "सी, ए, ए, टी, जी" असा सूर चालू होता. कँटीनवाल्या अण्णांनी दारातून डोकावून हात जोडले आणि कपबश्या न वाजवता निघून गेले. आणि उलट्या वाचनात, नवव्या ओळीत, तीन अक्षरं गळालेली सापडली. माझ्या टायपिंगमध्ये. तीन अक्षरांनी ताईंची तीन वर्षं वाहून गेली असती. ताई पाणी प्यायला उठल्या. साहेबांनी हजेरीची वही मागवली आणि माझ्या नावापुढच्या प्रश्नचिन्हावरून पुन्हा एकदा पेन्सिल फिरवली.

मग त्यांनी दावा लिहिला. एकच. या अक्षरक्रमाचं, या जिवाणूतलं जनुक. बस्स.

शेठच्या केबिनमध्ये ते पान गेलं आणि आवाज बाहेर येऊ लागले. मी आत होतो, पाणी द्यायच्या निमित्ताने.

"साहेब, एकाच बॅक्टेरियाचं लिहून काय फायदा? उद्या कोणी दुसरा शोधेल, सेम काम करणारा. सगळे लिहा ना. दुनिया में जितने हैं, सब."

"किती आहेत?"

"ते मला काय माहीत?"

"मग ते तुमचे आहेत हे कसं माहीत?"

"अरे, पण एक दाखवला ना आपण!"

"एक दाखवलात, एक मागा."

शेठ हसले, पण डोळे हसले नाहीत. "साहेब, आप हमारे हो के सामनेवाले के?"

सामनेवाला म्हणजे ठाण्याकडची एक कंपनी. तिथेही असंच काहीतरी चाललंय अशी कुणकुण होती. साहेब उठले, थर्मास घेतला आणि झाकणावरची पट्टी तपासून बाहेर गेले. दार लागल्यावर शेठ मला म्हणाले, "हा माणूस दर गुरुवारी तीन वाजता पाकीट घेऊन कुठे जातो? तू जरा नजर ठेव."

खरं सांगायचं तर मला गुदगुल्या झाल्या. ज्या माणसाने इतकी वर्षं माझ्यावर संशय घेतला, त्याच्यावर संशय घ्यायचा मला अधिकृत परवाना मिळाला होता!

पहिल्या गुरुवारी साहेब खाकी पाकीट काखेत धरून निघाले आणि कॅम्प तीनच्या शेअर रिक्षात बसले. मी मागच्या रिक्षात उडी मारली. "भाई, वो आगेवाली के पीछे लो!"

रिक्षावाला तंबाखू मळत होता. "दो सवारी और आने दो," तो म्हणाला, "फिर जिसके पीछे बोलो उसके पीछे."

हेरगिरीला शेअर रिक्षा हे वाहन नव्हे. दोन सवाऱ्या मिळेपर्यंत साहेब उल्हासनगरला पोचून चहाही प्याले असतील.

दुसऱ्या गुरुवारी मी शहाणपणा केला आणि आधीच कॅम्प तीनमध्ये जाऊन कोपऱ्यावर उभा राहिलो. साहेब आले. जीन्स धुण्याच्या एका कारखान्यात शिरले. हा कारखाना शेठच्या नात्यातला नव्हता, हे मी लगेच टिपलं. दार उघडं होतं. आत साहेबांनी पाकिटातून निळ्या कापडाचे तुकडे काढून एका म्हाताऱ्या कारागिरापुढे मांडले. तो एकेक तुकडा बोटांत घेऊन चोळून बघत होता. एवढ्यात पँटींचे गठ्ठे लादलेली हातगाडी माझ्या घोट्यावर आली. गाडीवाला ओरडला, "ए हीरो, बाजू!" मी लंगडत पळालो. पण मी पाहिलं होतं. पाकीट, कापड, परका माणूस. अजून काय पाहिजे?

"आपले नमुने बाहेर देतात," मी शेठना सांगितलं. "डोळ्यांनी पाहिलं."

दुसऱ्या दिवशी शेठनी साहेबांना सगळ्यांसमोर बोलावलं. इतकंच म्हणाले, "आपला व्यवहार बराबर नाय. उद्यापासून येऊ नका."

"कोणता व्यवहार?" साहेबांनी विचारलं. "कुणी पाहिला? दाखवा."

शेठ टेबलावरचे कागद सारखे करू लागले. साहेबांनी खोलीतल्या प्रत्येकाकडे पाहिलं. माझ्याकडे जेवढा वेळ, तेवढाच अण्णांकडे. मग ते गेले. मित्राताई त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेल्या आणि एकट्याच परत आल्या.

"अब तू लिख," शेठ मला म्हणाले.

आणि मी लिहिलं! सहा दावे. पहिल्यात या कुळातल्या सगळ्या जिवाणूंची अशी जनुकं. दुसऱ्यात शेजारच्या कुळांतली. सहाव्यापर्यंत पोचलो तेव्हा पृथ्वीवर जे जे कुजतं ते आमच्या मालकीचं झालं होतं. वर्णनात त्यांतल्या एकाचंही अक्षर नव्हतं. त्याऐवजी मी लिहिलं, "अशी जनुके इतरत्रही असणारच, यात शंका नाही." शंका नाही हे लिहिताना मला फार बरं वाटलं. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी शंका नाही म्हणत होतं.

"आणि म्हाताऱ्याचा दावा काढून टाक," शेठ म्हणाले होते.

इथे मला माझ्या आयुष्यातल्या एकमेव सत्कृत्याची नोंद करायची आहे. ते मी आळसापोटी केलं. साहेबांचा दावा ज्या पानावर होता त्याच पानाच्या खाली ताईंचं नाव, सहीची जागा असा सगळा मजकूर होता. तो दावा काढायचा तर अख्खं पान पुन्हा टाइप करावं लागणार. कॅम्पातल्या मित्राबरोबर सहाच्या सिनेमाची तिकिटं काढलेली. मी एकवर पांढरा रंग लावला, वर सात टाइप केलं आणि पान शेवटी जोडून दिलं. अमेरिकेतल्या वकिलाने नंतर पहिल्या सहांबद्दल शंका कळवली तेव्हा शेठनी उत्तर दिलं, "धरून बसा." सातव्याकडे कुणी पाहिलंच नाही.

दोनेक वर्षांनी तिथल्या तपासनिसाचं पत्र आलं. ताईंनी ते उभ्या उभ्या वाचायला घेतलं. पहिल्या सहा दाव्यांबद्दल लिहिलं होतं, की अर्जदाराने एका जिवाणूतलं एकच जनुक वर्णन केलं आहे, बाकीची जनुकं अर्ज करताना त्याच्या हाती होती असं वर्णनात कुठेही दिसत नाही, सबब नामंजूर. इंग्रजीत होतं, पण मला ते साहेब चष्म्याच्या वरून बघत म्हणावेत तसं, मराठीत ऐकू आलं. "दाखवा."

ताईंनी पान उलटलं. सातवा दावा: वर्णन पूर्ण. मंजूर करण्यास हरकत नाही.

ताई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "हा साहेबांचा ना? राहिला कसा?"

"राहिला," मी म्हणालो. सिनेमाचं सांगितलं नाही.

त्यांनी खालचा खण उघडून ते जुनं खाकी पाकीट काढलं. मी ओळखलं. आत निळ्या कापडाचे तुकडे, प्रत्येकाच्या मागे साहेबांच्या अक्षरात क्रमांक.

"माझ्या रिपोर्टवरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता," ताई हसून म्हणाल्या. "कापड खरंच मऊ होतं का, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. तिथे एक म्हातारा कारागीर होता, बोटांनी ओळखणारा. शेठच्या नात्यातला माणूस होच म्हणेल, म्हणून मुद्दाम परका शोधला. कुठला तुकडा कशात धुतलाय ते त्याला कधी सांगितलं नाही. दर गुरुवारी न्यायचे, शुक्रवारी परत आणून माझ्याकडून मोजून घ्यायचे. चाळीस आहेत. मोज."

मी मोजले. चाळीस होते. उलटेही मोजले.

"मग तुम्ही शेठना का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? त्यांच्यावर आळ काय आहे हेच कुणी बोलेना. फाटकापाशी मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, मला माहीत नाही, तर्क करणार नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत आहे का रे?"

मी म्हणालो, आतल्या खोलीत फ्लास्क ठेवलाय, बघून येतो. आतल्या खोलीत फ्लास्क नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी पत्राची प्रत घेऊन कॅम्प तीनला गेलो. साहेब जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या माथ्यावरच्या खोलीत एकटे राहत. खालच्या मशिनींनी जमीन थरथरत होती. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण?"

"मी, साहेब."

"दाखवा."

मी फटीतून पत्र आत सरकवलं. साखळी निघाली. साहेब वाळले होते. थर्मासवर पट्टी मात्र होती. त्यांनी पत्र सरळ वाचलं, मग शेवटाकडून वाचलं. सातव्या दाव्यावर बोट ठेवलं आणि ते बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"बाईंचं नाव?"

"एकट्यांचंच आहे."

"हं."

मी उभाच होतो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "साहेब, मी माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"सगळ्याचीच."

त्यांनी टेबलावर कागद ठेवला, खाली कार्बन घातला, त्याखाली दुसरा कागद, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. दुसरी प्रत कुठे जाणार हे मी विचारलं नाही. शेठचा पत्ता त्यांच्याकडे होता आणि माझी नोकरी माझ्याकडे, अजून तरी.

मी लिहिलं, "माझ्याकडून झालेल्या सर्व चुकांबद्दल मी क्षमा मागतो."

साहेबांनी 'सर्व' खोडलं. "वर्णन कुठे आहे? केलंत किती, मागताय किती? जेवढं केलंत तेवढंच लिहा."

मी पुन्हा लिहिलं. या वेळी वेळ लागला. "गुरुवारी मी साहेबांच्या मागे गेलो. त्यांना पाकिटातून कापडाचे तुकडे काढताना पाहिलं. ते तुकडे कुणाला देऊन टाकताना पाहिलं नाही. पाहिलं, असं शेठना सांगितलं. एवढ्याची क्षमा मागतो."

त्यांनी वाचलं. पेन्सिल पहिल्या ओळीवर थांबली.

"'मागे गेलो' चूक आहे. पहिल्या गुरुवारी तुमची रिक्षा भरली नव्हती. दुसऱ्या गुरुवारी तुम्ही आधीच येऊन कोपऱ्यावर उभे होतात. दुरुस्त करा."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. "तुम्ही मला पाहिलं होतं?"

"दोन्ही वेळा. हातगाडी लागली तेव्हाही."

"मग त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्हाला शेठना सांगताना पाहिलं नव्हतं," दाखवासाहेब म्हणाले, आणि माझा कागद त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरला.